माणूस नसलेला पहिला देखावा : हार्वर्ड फॉरेस्टच्या भूमी-इतिहासाचे चिकित्सक वाचन

प्रास्ताविक

एखाद्या विद्यापीठाकडे जमीन असणे ही नवी गोष्ट नाही. मात्र आपल्याच जमिनीचा इतिहास विद्यापीठाने शंभराहून अधिक वर्षे सातत्याने लिहावा, दुरुस्त करावा आणि त्यावर आपसांत भांडावे, असे उदाहरण विरळा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, बोस्टनच्या पश्चिमेस सुमारे ११० किलोमीटरांवर पीटर्शॅम नावाचे छोटे गाव आहे. तेथे हार्वर्ड विद्यापीठाचे सुमारे चार हजार एकरांचे संशोधन-वन असून ते 'हार्वर्ड फॉरेस्ट' या नावाने ओळखले जाते. त्याची स्थापना १९०७ साली झाली. वनशास्त्र व परिसरविज्ञान या विषयांच्या अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. इतिहास आणि साहित्य शिकवणाऱ्यांचे तिकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

प्रस्तुत लेखात या वनाचा विचार परिसरविज्ञानाच्या अंगाने केलेला नाही. या जमिनीविषयी जे लिहिले गेले आणि जे दाखवले गेले, ते येथे 'संहिता' म्हणून वाचले आहे. त्यात प्रामुख्याने वनातील संग्रहालयात असलेले देखावे, त्यांच्यावर आधारलेले डेव्हिड फॉस्टर व जॉन ओकीफ यांचे २००० सालचे पुस्तक, ह्यू रॉप यांचा १९६६ चा गाजलेला निबंध आणि त्याला ब्रायन डोनाह्यू यांनी २००७ मध्ये दिलेले उत्तर यांचा समावेश होतो. प्रस्तुत लेखकाने ते वन प्रत्यक्ष पाहिलेले नाही, ही मर्यादा आरंभीच नोंदवणे योग्य ठरेल. या संहितांतून जो मुद्दा पुढे येतो तो असा : जमिनीचा इतिहास कोठून सुरू करायचा, हे जमीन ठरवत नाही, ती ज्याच्या ताब्यात आहे त्याला तिच्याकडून त्या वेळी काय हवे आहे, यावरून ते ठरते. हे हेतुपुरस्सर केलेले असत्य असते असे नाही. हार्वर्ड फॉरेस्टच्या बाबतीत तर संशोधकांचा प्रामाणिकपणा वादातीत आहे. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोधक वाटते.

सात देखावे

संग्रहालयाला रिचर्ड फिशर यांचे नाव दिलेले आहे. ते या वनाचे पहिले संचालक होते व १९३४ साली मृत्यू येईपर्यंत त्या पदावर होते. संग्रहालयात एकूण तेवीस त्रिमित देखावे आहेत. केंब्रिज येथील गर्न्सी व पिटमन यांच्या कार्यशाळेत ते प्रामुख्याने १९३० च्या दशकात घडवले गेले. झाडांसाठी तांब्याच्या तारा वापरल्या आणि एकेका फांदीचे काम हातांनी केले. आपल्याकडे 'देखावा' म्हटले की गणेशोत्सवातील मंडप आठवतो. तेथे विषय दरवर्षी बदलतो. येथे एकच विषय नव्वद वर्षे जागचा हललेला नाही.

या तेवीसपैकी सात देखाव्यांची एक मालिका आहे. सातही देखाव्यांत भूभाग तोच आणि पाहणाऱ्याची जागाही तीच. बदलते ते साल : १७००, १७४०, १८३०, १८५०, १९१०, १९१५ आणि १९३०. पहिल्यात घनदाट मूळ अरण्य आहे. दुसऱ्यात पहिला वसाहतकरी झाडे तोडून घरापुरती जागा मोकळी करतो. तिसऱ्यात शेती ऐन भरात आहे. कुरणे, शेते आणि दगडी गडगे दूरवर पसरलेले दिसतात. चौथ्यात शेत टाकून माणसे निघून गेली आहेत आणि पडीक रानात पांढऱ्या पाइनची रोपे डोके वर काढत आहेत. पाचव्यात हाच पाइन कापणीला आला आहे. सहाव्यात तोडलेल्या पाइनच्या जागी रुंद पानांची झाडे फुटू लागली आहेत, तर सातव्यात ती जोमाने वाढली आहेत.

कथनमीमांसेच्या दृष्टीने पाहता ही रचना विलक्षण प्रभावी आहे. पाहणारा एका जागी उभा राहतो आणि काळ त्याच्यासमोरून सरकतो. जंगल, मग शेती, मग पुन्हा जंगल असे एक वर्तुळ त्यातून तयार होते. वर्तुळाकार कथेत दिलासा असतो. गेलेले परत आले असे वाटते आणि मधला शेतीचा काळ हा एक प्रक्षेप ठरतो. फॉस्टर व ओकीफ यांच्या पुस्तकाने या मालिकेला शास्त्रीय टिपणांची जोड दिली. परत आलेले जंगल म्हणजे जुने जंगल नव्हे, हे त्यांनी वारंवार बजावले आहे. तरीही चित्र आणि टीप यांच्या स्पर्धेत चित्र जिंकते, हा वर्गात शिकवणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव असेल.

फिशर यांची अडचण

ही मालिका मुळात कशासाठी रचली गेली, हे पाहणे उद्बोधक आहे. १९०७ च्या सुमारास मध्य न्यू इंग्लंडमध्ये पांढऱ्या पाइनचा धंदा तेजीत होता. खोकी, बादल्या, आगकाड्या अशा वस्तूंसाठी त्याच्या फळ्यांना मोठी मागणी होती. हा पाइन कोणी लावलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर शेतकऱ्यांनी जी कुरणे सोडली, त्यांत तो आपोआप वाढला होता. गुरे रुंद पानांची कोवळी रोपे खातात आणि पाइनला सहसा तोंड लावत नाहीत; शिवाय कुरणाच्या गवतात पाइनचे बी चांगले रुजते. म्हणजे या झाडाची निवड एका अर्थाने गाईगुरांनी केली होती असे म्हणता येईल.

फिशर यांना या पाइनचे कायमस्वरूपी उत्पादन देणारे आदर्श वन उभे करायचे होते. विद्यापीठाला जमीन हवी होती ती त्यासाठी. परंतु पाइन तोडला की त्याच्या सावलीत आधीच दबा धरून बसलेली ओक, मेपल व बर्च यांची रोपे उसळून वर येत आणि पाइनला जागा मिळेनाशी होई. हेन्री डेव्हिड थोरो याने १८६० साली काँकर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात पाइननंतर ओक का येतो याची चिकित्सा केलीच होती. फिशर यांच्या ध्यानात हळूहळू आले की, जे पीक त्यांना घ्यायचे होते ते निघून गेलेल्या शेतकऱ्याने आणि त्याच्या गुरांनी मागे ठेवलेले होते. शेतकऱ्यावाचून ते पुन्हा येणार नव्हते. अशा रीतीने वनशास्त्राच्या एका व्यावहारिक अपयशातून इतिहासाचे दार उघडले. सात देखावे ही त्या अपयशाची कबुली आहे, आणि म्हणूनच ते आदरास पात्र आहेत.

पुढे २१ सप्टेंबर १९३८ च्या चक्रीवादळाने या वनातील पाइनचा मोठा भाग एका दिवसात आडवा केला. विद्यापीठाने १९२७ मध्ये न्यू हॅम्पशायरमधील पिस्गा येथे जुन्या अरण्याचा वीस एकरांचा एक तुकडा मुद्दाम विकत घेऊन राखला होता. तोही उन्मळून पडला. ती पडलेली झाडे उचलली नाहीत. ती तशीच राहू दिली आणि पुढील अनेक दशके त्यांचा अभ्यास झाला. वादळ तर या मालिकेतील सातव्या देखाव्याच्या सालानंतर आले. मालिकेत त्याला जागाच नाही.

पहिल्या देखाव्यातील रिकामेपण

आता पहिल्या देखाव्याकडे वळू. साल १७००. वसाहतपूर्व अरण्य. त्यात माणूस नाही.

हे साल काळजीपूर्वक तपासले पाहिजे. न्यू इंग्लंडच्या किनारपट्टीवर १६१६ ते १६१९ या काळात मूळ रहिवाशांमध्ये भयंकर साथ पसरली. १६३३ च्या सुमारास देवीने कहर केला. १६७५-७६ मध्ये इंग्रज वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यात मोठे युद्ध झाले. इतिहासात ते 'किंग फिलिपचे युद्ध' या नावाने नोंदले गेले आहे. मध्य मॅसॅच्युसेट्समधील निपमक लोकांची या युद्धात वाताहत झाली. म्हणजे १७०० साली हा प्रदेश माणसांविना दिसत असेल, तर तो नुकताच रिकामा झालेला होता म्हणून. 'वसाहतपूर्व' हा शब्द येथे दिशाभूल करतो. गावकुसाबाहेर हाकललेल्या माणसाच्या ओस पडलेल्या घराला कोणी 'मूळची मोकळी जागा' म्हणावे, तसेच हे झाले.

याला एक वाङ्मयीन पुरावाही उपलब्ध आहे. मेरी रोलँडसन या इंग्रज स्त्रीला १६७६ मध्ये मूळ रहिवाशांनी बंदी करून याच परिसरातून नेले. तिचे अनुभवकथन १६८२ साली प्रसिद्ध झाले. या प्रदेशातील बाक्वॉग नदी तराफ्यांवरून ओलांडणारा स्त्रिया, मुले आणि म्हातारी माणसे यांचा मोठा जमाव तिने वर्णिला आहे. पाठलागावर असलेल्या इंग्रज सैन्याला तीच नदी ओलांडता आली नाही, याचे तिला आश्चर्य वाटते. ती शत्रूविषयी लिहीत आहे, तिची भाषा तिरस्काराची आहे आणि तिच्या कथनामागे तिचा धर्मविचार आहे, हे सारे मान्य. पण तिच्या पानांवर हा मुलूख माणसांनी गजबजलेला आहे. त्या पानांपासून संग्रहालयातल्या पहिल्या देखाव्यापर्यंतचे अंतर अवघ्या चोवीस वर्षांचे आहे.

पीटर्शॅमची जमीन १७३३ साली वाटली गेली, ती मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमांत लढलेल्या सैनिकांना बक्षीस म्हणून. १७५४ मध्ये इंग्रजी नाव मिळण्यापूर्वी या वस्तीला निचवॉग म्हणत आणि हे नाव मूळ रहिवाशांच्या भाषेतले होते. दुसऱ्या देखाव्यात कुऱ्हाड चालवणारा वसाहतकरी दिसतो. त्याच्या हाती जमीन कशी आली, हे दिसत नाही. त्रिमित देखाव्याला ते दाखवता येणार नाही असा बचाव कोणी करील. पण जो कारागीर तांब्याच्या तारेतून पाइनच्या सुया घडवू शकतो, त्याला एक विझलेली चूल दाखवणे अवघड गेले नसते.

या प्रश्नाचे आजच्या व्यवहारातले मोल २०२० साली स्पष्ट झाले. वायट ऑस्वाल्ड, डेव्हिड फॉस्टर आणि त्यांच्या पुरातत्त्वज्ञ सहकाऱ्यांनी 'नेचर सस्टेनेबिलिटी' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दक्षिण न्यू इंग्लंडमधील तळ्यांच्या तळचा गाळ, त्यातील परागकण व कोळशाचे कण आणि पुरातत्त्वीय नोंदी यांची सांगड घालून त्यांनी असे प्रतिपादन केले की, युरोपीय येण्यापूर्वी या प्रदेशात जंगलच होते, वणवे विरळ होते आणि मूळ रहिवाशांच्या वावराचा परिणाम मर्यादित होता. मोकळी माळराने युरोपीय शेतीनंतर आली. तेव्हा ती राखायची असतील, तर मूळ रहिवासी आगी लावत होते या आधारावर मुद्दाम जाळपोळ करू नये. गुरे चारणे, गवत कापणे, झाडे तोडणे या शेतीच्या रीती वापराव्यात, असा त्याचा व्यावहारिक निष्कर्ष होता.

यावर प्रत्युत्तरे आली, त्यांपैकी काही त्याच नियतकालिकात. वस्तीभोवतीच्या छोट्या छोट्या जाळण्यांची खूण तळ्याच्या गाळात उमटेलच असे नाही, प्रश्न मोजपट्टीचा आहे, हा त्यांतील महत्त्वाचा आक्षेप होता. तांत्रिक बाजूचा निवाडा करण्याचा अधिकार प्रस्तुत लेखकाला नाही. तथापि पुराव्याचे वाचन करणाऱ्याच्या नात्याने एक गोष्ट सांगितली पाहिजे. 'परिणाम मर्यादित होता' आणि 'माणसे नव्हती' ही दोन भिन्न विधाने आहेत. ऑस्वाल्ड आणि सहकारी यांनी दुसरे विधान केलेले नाही. किंबहुना जंगलात राहून, शिकार, मासेमारी आणि वनोपज यांवर दीर्घकाळ टिकलेल्या समाजांचे चित्र त्यांनी उभे केले आहे. जंगल मोठे होते याचा अर्थ ते निर्जन होते असा होत नाही. पण हे वाचणारा वाचक संग्रहालयातला पहिला देखावा पाहून आलेला असेल, तर तो दोन्ही विधाने एकच समजून बसेल. जुनी प्रतिमा नव्या पुराव्याचा अर्थ अशी वाकवते.

सँडर्सनचे शेत : रॉप आणि डोनाह्यू

ह्यू रॉप हे १९४६ ते १९६७ या काळात हार्वर्ड फॉरेस्टचे संचालक होते. सँडर्सन कुटुंबाच्या शेतावर त्यांनी लिहिलेला निबंध १९६६ मध्ये 'फॉरेस्ट हिस्टरी' या नियतकालिकात आला. हे शेत आज वनाच्या हद्दीत आहे. निबंध आकाराने लहान, भाषा साधी. परंतु अमेरिकेतील परिसर-इतिहासाच्या अभ्यासात त्याला पायाभूत स्थान मिळाले.

तोवर सर्वमान्य समजूत अशी होती की, न्यू इंग्लंडची जमीन खडकाळ व निकस, ती शेतकऱ्यांनी आणखी झिजवली आणि नाइलाजाने सोडली. रॉप यांनी हा समज उलटवला. १८३० पर्यंत येथे शेती चांगली भरभराटीत होती. मग १८२५ मध्ये ईरी कालवा खुला झाला, त्यामागोमाग रेल्वे आली आणि पश्चिमेकडील सपाट, सुपीक जमिनीतले धान्य व मांस पूर्वेच्या बाजारात स्वस्तात येऊ लागले. जमीन होती तशीच राहिली. माणसांच्या दृष्टीने तिचे मोल बदलले. म्हणून जमिनीच्या गुणधर्मांवरून माणसाचे भवितव्य वाचू नये, मानवी निर्णय आणि माहिती यांकडे पाहावे, असा रॉप यांचा आग्रह होता. त्यांच्या लेखी जमीन ही नाटकातल्या नेपथ्यासारखी आहे. ती असते, पण नाटक ती घडवत नाही.

या निबंधाचे आकर्षण कळण्यासारखे आहे. निसर्गाने माणसाला शिक्षा केली, या नीतिकथेपासून त्याने इतिहासाला मुक्त केले. तरीही आज वाचताना त्याचा आत्मविश्वास खटकतो. नियोजनकार आणि संवर्धनवादी यांच्याविषयीची रॉप यांची अढी पानोपानी जाणवते. दूरवरचे आडाखे बांधून वन राखण्यात अर्थ नाही, कारण बाजार कधी कसा फिरेल हे कोणालाच ठाऊक नसते, हे त्यांना म्हणायचे आहे. फिशर यांची दीर्घकालीन योजना वाऱ्याबरोबर गेल्यानंतर आठ वर्षांनी ज्याच्या हाती तीच संस्था आली, त्याने असे म्हणावे यात नवल नाही.

डोनाह्यू यांचा २००७ सालचा लेख 'एन्व्हायर्नमेंटल हिस्टरी'मध्ये आला. ते स्वतः शेतीत मुरलेले इतिहासकार आहेत. त्यांचे आक्षेप मुख्यतः दोन. एक, १८५० नंतर शेती एकाएकी कोसळली हे खरे नाही. दूध, वैरण, भाजीपाला आणि फळे यांच्या रूपाने न्यू इंग्लंडमधील शेतीचे उत्पादन पुढेही बराच काळ टिकून राहिले, काही बाबतीत वाढले. दूरची कुरणे सुटली आणि जवळची शेते अधिक कसली गेली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. जमीन 'होती तशीच' राहिली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाजारासाठी मेंढ्या-गुरे वाढवण्याच्या ओढीने जंगल फार वेगाने तोडले गेले. कुरणांचा कस टिकवण्याची काहीच तजवीज नव्हती आणि ती ओसरत गेली. म्हणजे जमीन हे नुसते नेपथ्य नव्हते. बाजार आणि माती यांनी मिळून हा शेवट घडवला.

प्रस्तुत लेखकाला डोनाह्यू यांचा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो. मात्र कारण थोडे वेगळे आहे. रॉप यांच्या निबंधात शेतकरी हा नेहमी निवड करणारा, हिशेबी, स्वतंत्र माणूस म्हणून येतो. पण याच पीटर्शॅम गावात ४ फेब्रुवारी १७८७ रोजी डॅनिएल शेज यांच्या बंडखोर शेतकऱ्यांची शेवटची मोठी फळी जनरल लिंकन यांच्या सैन्याने उधळली होती. ते शेतकरी कर्ज, कर आणि जप्ती यांनी गांजून उठले होते. कर्जबाजारी माणूस जेव्हा जमीन सोडतो, तेव्हा त्याला 'संधीची निवड' म्हणायचे का, हा प्रश्न विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला वेगळा समजावून सांगायला नको. चौथ्या देखाव्यातील ओस पडलेल्या शेतातून निघून गेलेली माणसे कोठे गेली, गिरण्यांत की पश्चिमेला, हे रॉप सांगतात. ती कोणत्या अटींवर गेली, हे ते सांगत नाहीत.

नांगराचा थर

फॉस्टर १९९० ते २०२० या काळात या वनाचे संचालक होते. 'जर्नल ऑफ इकॉलॉजी'मध्ये १९९२ साली आलेला त्यांचा अभ्यास वनातील 'प्रॉस्पेक्ट हिल' या भागाचा १७३० पासूनचा भू-वापर तपासतो. खरेदीखते, कर-आकारणीच्या नोंदी, नकाशे हे कागदोपत्री पुरावे एका बाजूला आणि माती दुसऱ्या बाजूला. नांगरलेल्या जमिनीत वरचा थर एकसारखा तपकिरी होतो व त्याची खालची कड सरळ कापल्यासारखी राहते. दीडशे वर्षे जंगल वाढले तरी ती खूण जात नाही. कधीच न नांगरलेल्या जागी उन्मळलेल्या झाडांनी केलेले खड्डे-उंचवटे टिकून असतात. गडग्यांतही फरक असतो. नुसत्या कुरणाच्या गडग्याला मोठे धोंडे असतात. कसलेल्या शेताच्या गडग्यात बारीक दगडही भरलेले असतात, कारण नांगराला अडणारा प्रत्येक खडा वेचून बांधावर टाकावा लागे.

या साऱ्यातून निघालेला निष्कर्ष असा की, आज कोठे कोणते झाड आहे हे समजायचे तर ती जागा पूर्वी नांगरलेली होती, कुरण होती की सरपणासाठी राखलेले रान होती, हे पाहावे लागते. हेमलॉकसारखी झाडे प्रामुख्याने तेथे टिकली, जेथे जंगल कधी पूर्ण साफ झाले नव्हते. आपल्याकडे सातबाऱ्यातील गाव नमुना बारा पिकांची नोंद ठेवतो; येथे तीच नोंद मातीने ठेवलेली आहे आणि तिच्यावर कोणा तलाठ्याची सही नाही.

फॉस्टर यांच्या या वाचनाने रॉप यांचे नेपथ्य पुन्हा पात्र झाले. पण येथेही आरंभ १७३० पासूनचा आहे, हे नजरेआड करता येत नाही. कागद जेथे सुरू होतात तेथे इतिहास सुरू होतो, ही मर्यादा नांगराच्या थरालाही लागू पडते. मक्याची आळी करून खुरप्यासारख्या अवजाराने शेती करणाऱ्यांनी असा सरळ कापलेला थर मागे ठेवलेला नसतो.

कागदाबाहेरचा पुरावा कोठे शोधावा, या संदर्भात महाराष्ट्रातील एका अभ्यासाचा उल्लेख अप्रस्तुत होणार नाही. पश्चिम महाराष्ट्रातील माळराने ही मूळची जंगले असून ती माणसाने उजाड केली, असा समज वसाहतकाळापासून रूढ आहे आणि 'पडीक' हा महसुली शिक्का त्याच समजातून बळावला. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आशिष नेर्लेकर व दिग्विजय पाटील यांनी जुन्या मराठी कथा-ओव्यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासून ही माळराने कित्येक शतके माळरानेच होती, असे दाखवले. पीटर्शॅममध्ये शेत होते हे विसरून जंगल दिसते. आपल्याकडे माळ होता हे विसरून हरवलेले जंगल दिसते. महाविद्यालयाच्या मागील गायरानावर खड्डे खणून 'वनीकरण' असा फलक लावण्याचा कार्यक्रम आपल्यापैकी अनेकांनी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात पार पाडला असेल. प्रस्तुत लेखकानेही तो पार पाडला आहे. तेथे आधी कोणाची मेंढरे चरत होती, हे विचारावे असे त्या वेळी सुचले नाही.

शेत गेले कोठे?

या चर्चेचा शेवटचा भाग हार्वर्ड फॉरेस्टच्या हद्दीबाहेर जातो, आणि तो जाणे अपरिहार्य आहे. २००२ मध्ये बर्लिक, किट्रेज आणि फॉस्टर यांनी 'जर्नल ऑफ बायोजिऑग्राफी'त एक धाडसी लेख लिहिला. मॅसॅच्युसेट्सचे लोक आपली जंगले न तोडता राखतात, पण त्यांचा लाकडाचा वापर कमी होत नाही. ते लाकूड बाहेरून येते. त्यामुळे येथले संरक्षण हा काही अंशी भास आहे. तोड थांबलेली नसते, ती दुसऱ्यांच्या जंगलात सरकलेली असते. स्वतःच्या संस्थेच्या मूळ प्रेरणेलाच प्रश्न विचारणारा हा लेख आहे. २०१० च्या 'वाइल्डलँड्स अँड वुडलँड्स' या अहवालात, २०६० पर्यंत न्यू इंग्लंडची सत्तर टक्के भूमी कायम वनाखाली ठेवावी आणि त्यातील बहुतेक वनांतून काळजीपूर्वक लाकूड घ्यावे, अशी मांडणी झाली. २०१७ च्या आवृत्तीत तर शीर्षकातच शेतजमीन आली. दरम्यान २०१४ मध्ये डोनाह्यू यांच्या नेतृत्वाखाली अन्नविषयक एक आराखडा सिद्ध झाला. न्यू इंग्लंडने २०६० पर्यंत आपले निम्मे अन्न स्वतः पिकवावे, त्यासाठी शेती सुमारे तिपटीने वाढवून साठ लाख एकरांवर न्यावी, असे तो म्हणतो. म्हणजे काही जंगल पुन्हा शेत व्हायला हवे. सात देखाव्यांच्या वर्तुळात या आठव्या देखाव्याची कल्पना नव्हती.

हे लेखन जेवढे मोकळे आहे, तेवढी विद्यापीठाची दुसरी बाजू मोकळी नाही. हार्वर्डचा निधी सांभाळणाऱ्या कंपनीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत जगभर शेतजमिनींत गुंतवणूक केली. 'ग्रेन' ही संस्था आणि ब्राझीलमधील एक मानवी हक्क संघटना यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या जमिनींचे क्षेत्र सुमारे साडेआठ लाख हेक्टर दिलेले आहे. ब्राझीलच्या सेराडो या सवाना प्रदेशातील काही व्यवहारांत स्थानिक समाजांच्या जमिनी बळकावल्या गेल्याचा आरोपही त्यात आहे. पीटर्शॅमचे संशोधक या व्यवहारांना जबाबदार नाहीत. दोन्ही विभागांचा एकमेकांशी संबंध नाही. तथापि 'विद्यापीठाच्या मालकीच्या जमिनीचा भू-वापर' हा विषय घेतल्यावर चार हजार एकरांचा इतिहास गडग्यातल्या दगडापर्यंत जाऊन लिहायचा आणि लाखो हेक्टरांचा इतिहास बाहेरच्या संघटनांनी लिहायचा, हा विषमपणा नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००२ च्या लेखातील भासाचे तत्त्व लाकडाला लागू आहे, तसेच ते भांडवलालाही लागू असले पाहिजे.

फिशर संग्रहालयातील देखावे आज ऐतिहासिक वस्तू म्हणून जपले जातात, आणि ते तसेच जपले जावेत. त्यांत फेरफार करून पहिल्या देखाव्यात एखादी मानवाकृती बसवणे हा उपाय नव्हे. १९३० च्या दशकातील वनशास्त्रज्ञांना काय दिसत होते याचा तो दस्तऐवज आहे. मात्र पहिल्या देखाव्याच्या डावीकडे एक रिकामी पेटी ठेवता येईल, तिच्यावर १६७६ हे साल लिहिता येईल आणि आत काय असावे हे निपमक समाजातील आज हयात असलेल्या माणसांना विचारता येईल. सातव्याच्या उजवीकडेही एक जागा लागेल. तेथे १९३८ ची आडवी झाडे दाखवायची, २०६० चे शेत दाखवायचे की सेराडोतील कुंपण, यावर त्या संस्थेत भांडण झाले, तर ते शंभर वर्षांच्या परंपरेला धरूनच होईल.